चिवट झालेली कालवं

प्रिय उनशिल,

परवा तू दुपारच्या बोटीनं गेलीस. धक्क्यावरून मी हात हलवत होते, पण तू खालमानेनं चढलीस ती वळलीच नाहीस. घरी आले तर पातेल्यात वाडगाभर त्तोकगुकचं सूप उरलं होतं. तांदळाच्या चकत्या फुगून लगदा झालेल्या. सणाचं अन्न टाकवेना, म्हणून उभ्याउभ्याच खाल्लं.

सात वर्षं झाली, सोल्लालचं नवं वर्ष लागायच्या आदल्या दिवशी तू जिंजूहून येतेस. थेसोकची बोट उलटली तेव्हा तुमच्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. मागे मूलबाळ नाही. आमच्याआधी गेलेल्या लेकापुढे आम्ही म्हाताऱ्यांनी वाकायचं नसतं. तू आली नाहीस, तर त्याच्या नावानं मांडलेल्या वाडग्यापुढे डोकं टेकवायला दुसरं कुणी नाही. शेजारच्या बाया म्हणतात, "अशी सून मिळायला पुण्य लागतं हो!" मी मान ताठ करून ऐकत आले.

यंदाही तू आल्याआल्या बाह्या सारून चक्कीवरून आणलेल्या तांदळाच्या उकडीच्या कांड्या तिरक्या कापायला बसलीस. तुझ्या चकत्या कशा एकसारख्या असतात! यंदा एक जाड, तर दुसरी कागदासारखी. मी विचारलं, "अगं, सुरी बोथट झालीय का?" तू म्हणालीस, "नाही आई, हात गारठलेत." सणाच्या सकाळी सुक्या मासळीचं पाणी खळखळत होतं. कालवं सगळ्यात शेवटी टाकायची आणि पोटं फुगली की लगेच गॅस बंद करायचा, हे मीच तुला शिकवलं. तू कालवं टाकलीस आणि हातात डाव धरून खिडकीबाहेर बघत राहिलीस. मला सगळं दिसत होतं. पण गॅस मीही बंद केला नाही. हलवेच ना मला जागेवरून.

जेवताना तुझे मामंजी म्हणाले, "कालवं आहेत की बुटाचं चामडं? हे सूप पिऊन आणखी एका वर्षानं म्हातारा झालो, दातांची तरी दया करा!" तू हसलीस, आणि हसता हसताच तोंडावर हात धरून न्हाणीघरात गेलीस. नळ कितीतरी वेळ वाहत होता. त्यांनी चमचा खाली ठेवला. हळूच मला म्हणाले, "सांगून टाक तिला. मला नाही जमायचं." मी म्हटलं, "आज सण आहे, आज नको." दुसऱ्या दिवशी म्हटलं, बोटीची वेळ झाली, आता कुठे.

म्हणून लिहिते आहे. डिसेंबरात तुझे ते नाम मास्तर इथे आले होते, तुझ्याशी लग्नाची परवानगी मागायला. तुझ्या तोंडून मी त्यांचं नाव कधी ऐकलं नव्हतं. नासपतींची पेटी पुढे ठेवून ते गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "तुम्ही हो म्हटल्याशिवाय ती हो म्हणणार नाही." तुझे मामंजी भिंतीकडे तोंड करून बसले. बोलले ते मी. "तिला लग्न करायचंच नाही, तिनंच आम्हाला सांगितलंय. तोंडावर नाही म्हणायला संकोचते बिचारी. आता तिला फोन करू नका." त्यांनी विचारलं, "ती स्वतः म्हणाली?" मी हो म्हटलं. त्यांनी जमिनीला कपाळ लावून नमस्कार केला आणि गेले. त्यांचे फोन थांबले ते माझ्यामुळे, पोरी. त्यांचं मन फिरलं असं तू समजत असशील, फिरलेलं नाही. तू गेलीस तर सणाला या घरात कोण येणार, ही एवढीच भीती होती, आणि तिच्यापायी मी तुझ्या तोंडचा घास काढून घेतला. तू दोन महिने एकटी रडली असशील, सणाला माझ्याच न्हाणीघरात रडलीस, तरी मी गप्प बसले. हे वाचलंस की त्यांना फोन कर. ते थांबले असतील की नाही, मला ठाऊक नाही. नसले थांबले, तर मला क्षमा करू नकोस.

तुझीच म्हणवून घ्यायला तोंड उरलेलं नाही, तरी तुझीच,
आई