भयानक रसाचा रिकामा रकाना

सर, परवा आमच्या घरात एक माणूस जवळजवळ तासभर थडग्यातून बोलत होता आणि मला तुमची आठवण आली. दोन्हींचा थेट संबंध जोडू नका. झालं असं की, आमची कन्या पुण्याहून सुट्टीला आली ती एक सीडी घेऊन. या संगीताला गॉथिक डार्कवेव्ह म्हणतात, असं तिने मला दोनदा सांगितलं. वाजवणारे सगळे काळ्या कपड्यांत, चेहऱ्याला पावडर, आणि गाणारा असा गातो की त्याला कोणी तरी गाण्याची शिक्षा केली असावी. तिने नुसती गाणी आणली नाहीत, तर इंटरनेटच्या दुकानातून देशोदेशीच्या श्रोत्यांचे अभिप्रायही छापून आणले. एकाला तिसऱ्या गाण्यात आजोळचं तळघर दिसलं. दुसरा म्हणतो, या मंडळींचा पहिला अल्बम खरा काळोख होता, हा नुसताच तिन्हीसांजेचा आहे. एक बाई लिहिते की कांदे चिरताना हा अल्बम लावला की रडण्याला निमित्त मिळतं. एकाने पाचपैकी साडेतीन तारे दिले आहेत. मी सगळं वाचलं. मग कन्या म्हणाली, "बाबा, तुमचं मत?" मी म्हटलं, "आवाज बरा आहे." ती म्हणाली, "हे मत नाही, ही सुटका आहे." वाक्य तिचं होतं, पण चष्मा वर सरकवायची तऱ्हा तुमची. तुम्ही तिला कधी पाहिलं नाहीत, म्हणून सांगतो.

तुम्हाला भिंगारचा तो रविवार आठवत असेल. नसेल आठवत तर आठवा, आता तुम्हाला दुसरं काम नाही. कॅन्टोन्मेंटमधल्या एका साहेबाची बदली झाली होती आणि रिवाजाप्रमाणे त्याने घरातलं सामान व्हरांड्यात मांडून विकायला काढलं होतं. तुम्ही गेलात पुस्तकांचं कपाट आणायला. कपाट तुमच्या आधी एका दंतवैद्याने नेलं, म्हणून तुम्ही सायकलच्या कॅरिअरला बांधून आणलात एक रेकॉर्ड प्लेअर, आणि त्याच्यासोबत मिळालेली एकुलती एक रेकॉर्ड. तिच्या वेष्टनावर पडकं चर्च, निष्पर्ण झाड आणि झाडाखाली काळी शाल पांघरलेली एक पांढरीफटक बाई. काकूंनी हात पुसत ते वेष्टन उजेडात धरलं आणि विचारलं, "हिला बरं नाही का?" तुम्ही मात्र हरखून गेला होतात. "हे बघ," तुम्ही मला म्हणालात, "जिच्यामुळे भय वाटावं ते आलंबन आहे, ते वाढवणारं उद्दीपन आहे. भयानक रस थेट विलायतेहून घरपोच आलाय."

हरखण्याचं कारण मला ठाऊक होतं, कारण आपल्या रविवारच्या अभिप्रायांची वही मीच लिहीत होतो. दर रविवारी सकाळी तुमच्या बाहेरच्या खोलीत श्रवणमंडळ बसायचं. कधी रेडिओवरची श्रुतिका, कधी कोणाचं कीर्तन, कधी नुसती एखाद्याने सांगितलेली हकिकत. ऐकून झालं की हजर असलेल्या प्रत्येकाने अभिप्राय द्यायचा, मी तो शब्दशः उतरवायचा आणि तुम्ही तो योग्य रसाच्या रकान्यात घालायचा. आठ रसांचे आठ रकाने तुम्ही स्वतः पट्टीने आखले होते. सामान्य माणसाला रस कळतो, त्यासाठी शास्त्री असावं लागत नाही, हे तुम्हाला एका निबंधात सिद्ध करायचं होतं. सात रकाने भरत आले होते. बीभत्स तर निवडणुकीच्या एका सभेतच भरभरून मिळाला. पण भयानकाचा रकाना कोरा. एकदा तुम्ही रेडिओवर भुताची श्रुतिका ऐकवली होती, तेव्हा दूधवाले मामा इतके हसले की त्यांचा अभिप्राय हास्यात घालावा लागला.

आणि माझी गोष्ट वेगळीच. बी. ए. होऊन मला दीड वर्ष झालं होतं. सोनईच्या शाळेत संस्कृतची जागा निघाली होती. तिथले हेडमास्तर तुमच्या वर्गात शिकलेले, ते म्हणाले होते, "तुमच्या सरांचं पत्र आणा, बाकी काही नको." पावसाने दगा दिलेलं ते साल. घरी ताटात रेशनवरच्या मिलोची, त्या अमेरिकन ज्वारीची, तांबडी भाकरी, आणि वडील रोज तिचा पहिला तुकडा मोडताना विचारायचे, "सोनईचं काय झालं?" मी तीन आठवडे तुमच्यामागे होतो. तुम्ही म्हणालात, "रविवार होऊ दे, मग बघू." पत्र रविवारवर अवलंबून आहे, असं तुम्ही म्हणाला नव्हतात. पण न बोललेलं विद्यार्थ्याला आधी कळतं. मी समजलो, रकाना भरला की पत्र.

तो रविवार. सकाळचे नऊ वाजलेत आणि खोलीत काळोख आहे, कारण तुम्ही खिडक्यांवर घोंगड्या टांगल्यात. आत काकूंचा स्टोव्ह पेटलाय, धूर बाहेर जायला वाट नाही, त्यामुळे पहिला अनुभाव, म्हणजे भावाची बाहेर दिसणारी खूण, म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आहे. सुभेदार आलेत, पेन्शनीत निघून दहा वर्षं झाली तरी काठी बंदुकीसारखी धरून बसणारे. बाजारातल्या लग्नाच्या बँडचे मास्तर आलेत. दूधवाले मामा दूध घालून परत निघाले होते, त्यांना तुम्ही बाहीला धरून आत घेतलंत. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, हातात उलथनं. तुम्ही उभे राहिलात, घसा साफ केलात आणि जाहीर केलंत, "आज तुम्हां सर्वांना भय वाटणार आहे." सर, रसाचं नाव आधीच तोंडाने घेतलं की रस मरतो, हा दोष आम्हाला कोणी शिकवला होता? मी तेव्हा बोललो नाही. सोनई डोळ्यांसमोर होती.

सुई टेकली. आधी वारा, मग एक घंटा, मग चर्चमधली ती मोठी पेटी, आणि तिच्या तळातून एक पुरुष बोलू लागला, गाऊ लागला, काय म्हणावं ते. घंटेच्या तिसऱ्या टोल्याला सुभेदार ताडकन उठून सावधान उभे राहिले. बँडमास्तर अर्धवट उठले, काय करावं ते न कळून पुन्हा बसले. मामा माझ्या कानाशी वाकले, पण त्यांचं कुजबुजणंसुद्धा दोन शेतं ओलांडून ऐकू जाणारं.

"गुर्जी, ह्यो बाबा हिरीत बसून गातोय का?"

"शू! विहिरीत नाही, स्मशानात आहे तो."

"मंग बरुबर हाय. मी म्हनलं, हिरीत बसंल तर औंदा कोरडाच बसंल."

"मामा, भय वाटू द्या जरा!"

"वाटू द्या की. मी कुटं धरलंय त्याला?"

तेवढ्यात काकू उंबऱ्यावरून म्हणाल्या, "छातीत घरघर आहे हो त्याच्या. ऐकलंत का? हा कफ आहे. आल्याचा काढा आणि दोन दिवस गाणं बंद." तुम्ही हाताने त्यांना थांबवलंत. बँडमास्तरांची बोटं तोवर गुडघ्यावर चालायला लागली होती, जणू क्लॅरिनेटच धरलाय. सुभेदार तसेच उभे. थोड्या वेळाने त्यांचे गुडघे थरथरायला लागले आणि तुम्ही आशेने मला खूण केलीत, की लिही, कंप. पण सुभेदार म्हणाले, "मास्तर, सलामी आणखी किती वेळ आहे? पायांत गोळे आलेत." शेवटी तुम्ही सुई उचललीत.

मग अभिप्राय. सुभेदार म्हणाले, "कोणी तरी मोठा अंमलदार गेलेला दिसतो. निरोप शिस्तीत दिला, त्यात खोट नाही." तुम्ही नाराजीने करुणाकडे बोट दाखवलंत. बँडमास्तर खुशीत होते. "मास्तर, चाल झकास हाय! नवरी लावून देताना ही वाजवली तर मांडवात एक डोळा कोरडा राहनार न्हाई. पेटीवाला लई तयारीचा. ढोलवाला तेवढा मधी मधी झोपतोय." हाही करुण. काकूंनी काढ्याचा आग्रह सोडला नाही. तुम्ही म्हणालात, "हे वात्सल्य झालं. ते आठांत बसत नाही." काकू म्हणाल्या, "मग तुमचे आठ कमी पडतात," आणि पोहे बघायला आत गेल्या. आणि मामा. तुम्ही त्यांना जवळजवळ विनवणी केलीत, "मामा, थोडंसुद्धा भय वाटलं नाही?" मामा हसले नाहीत. म्हणाले, "भ्या व्हय? भ्या वाटतंय की, गुर्जी. सकाळी उठून आभाळाकडं बगितलं की वाटतंय. गोठ्यात गेलं की वाटतंय. ह्यो बिचारा तर नुस्ता गानं म्हनतोय." माझी लेखणी थांबली. तुमच्याकडे पाहिलं, तर तुम्ही म्हणालात, "हे वेगळं आहे," आणि कोणत्याच रकान्यात बोट ठेवलं नाहीत. आज माझी खात्री आहे की भयानक रस त्या सकाळी खोलीत आला होता, आपण दोघांनी त्याला बसायला जागा दिली नाही.

मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "राहिलास तू. तू तरी शिकलेला आहेस. तुझा अभिप्राय तूच लिही." आणि मी लिहिला, सर. असा लिहिला की नुसता बघत राहावा. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. आठही सात्त्विक भाव, अंगावर आपोआप उमटणारे, तुम्ही शिकवलेल्या क्रमाने, एकही न गाळता, प्रत्येकाला एकेक अलंकृत वाक्य. वही तुमच्यापुढे ठेवली तेव्हा सोनईच्या शाळेची घंटा मला ऐकू येत होती.

तुम्ही सावकाश वाचलंत. "प्रलय म्हणजे मूर्च्छा. तुला मूर्च्छा आली?"

"थोडीशी, सर."

"थोडीशी मूर्च्छा! केव्हा?"

सुरुवात म्हणावं, तर तेव्हा मी समोर बसून लिहीत होतो. म्हणून म्हटलं, "दुसऱ्या बाजूला, सर. पहिलीपेक्षा दुसरी बाजू फारच भयंकर आहे."

मामांनी तोंडावर उपरणं धरलं. तुम्ही चष्मा वर सरकवलात आणि अगदी हळू म्हणालात, "दुसरी बाजू आपण लावलीच नाही. सुभेदारांच्या पायांत गोळे आले म्हणून पहिलीच अर्ध्यावर थांबवली."

आता हसतो मी, तेव्हा हसलो नव्हतो. तुम्ही तांबड्या पेन्सिलीने माझ्या आठही भावांवर एकच रेघ ओढलीत. "अभिप्राय मागितला होता, पाठांतर नव्हे. निबंधाला खोटा आधार देऊन मला पुण्यातल्या विद्वानांसमोर उभं करणार होतास?" रकाना पुन्हा कोरा झाला. काकूंनी पोह्यांची बशी पुढे केली, ती मी तशीच ठेवली आणि उठलो. नगरपर्यंत चालत गेलो. वाटेत एवढंच ठरवत होतो की वडिलांनी भाकरी मोडली की काय सांगायचं.

मंगळवारी तुम्ही स्वतः सायकलवरून आमच्या दाराशी आलात, न उतरताच बंद पाकीट दिलंत, "सोनईला दे, वाटेत उघडू नकोस," म्हणालात आणि वळलातसुद्धा. मी उघडलं नाही. हेडमास्तरांनी माझ्यासमोर उघडलं, वाचलं, मिशीत हसले आणि मोठ्याने वाचून दाखवलं: "उमेदवाराचे पाठांतर निर्दोष आहे. स्वतःचे मत वयाने येईल. ते येईपर्यंत यास आठवीचे वर्ग द्यावेत." हेडमास्तर म्हणाले, "आम्हाला आठवीलाच माणूस हवाय. उद्यापासून या." मी एस.टी.ने परत येताना ठरवलं की एक दिवस जाऊन तुम्हाला खरं काय ते सांगायचं. पहिली दिवाळी गेली, दुसरी गेली. भेटायला येत होतो, पोहे खात होतो, तुमचा निबंध सात रसांवरच छापून आल्याचं अभिनंदनही केलं. ती गोष्ट तुम्ही काढली नाहीत, मी काढली नाही. मग एका उन्हाळ्यात तुम्ही गेल्याची तार आली.

तर ते आता सांगतो. माझा अभिप्राय तुम्ही समजलात तितका खोटा नव्हता. हात खरोखर कापत होते, अक्षर पुन्हा पाहिलंत तर दिसेल. घाम आला होता, घसा कोरडा पडला होता, आणि खिडक्या उघडल्यावर काकूंनी विचारलं होतं की याचा चेहरा असा का उतरलाय. स्थायीभाव भय, अगदी शुद्ध. फक्त त्याचं आलंबन मी चुकीचं लिहिलं. ते गाणं मी ऐकलंच नाही, सर. सबंध वेळ तुमच्या तोंडाकडे बघत होतो, की आता काय वाटलेलं तुम्हाला चालेल. भयानकाच्या रकान्यात त्या दिवशी तुमचं नाव घालायला हवं होतं, आणि तेवढा धीर मला नव्हता.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही, मी ते टाकणारच नाही. तुमचा आताचा पत्ता माहीत नाही, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं की, तुम्ही उत्तर धाडाल अशी मला अजून धास्ती वाटते.