डाव्या बाजूचं दार

१२ नोव्हेंबर २०१७, रविवार
आणली. वापीहून नरपडपर्यंत स्वतः चालवत, टप उघडा टाकून. लाल, दोनच सीटची, चौदा वर्षांची म्हातारी. दलाल म्हणाला, "साहेब, आ तो शोखनी गाडी छे, घरनी नथी." हौसेची गाडी, घरच्या कामाची नव्हे. खरं तेच बोलला.
हेमाला सांगून गेलो होतो की शाळेत जाण्या-येण्यापुरती एखादी जुनी छोटी गाडी बघतो. घरची पांढरी गाडी आता तिच्या नर्सरीलाच लागते. रोपं, कुंड्या, खत. ती ओट्यावरून खाली आली, लाल गाडीभोवती एक फेरी मारली. "यात चिकूचा एक खोका तरी मावतो का?" एवढंच. आत गेली. स्वस्तात मिळाली, हे मी तिच्या पाठीला सांगितलं.
चोपन्नाव्या वर्षी ही थेरं. डोक्यावर केस नाहीत, वाऱ्यावर उडवायचं काय तर टोपी. पण उंबरगाव मागे पडल्यावर मी एकटाच मोठ्याने हसलो होतो. ते इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे सांगण्यासारखं नाही.
डावं दार अडकतं. वर उचलून ओढलं तर उघडतं, कधी नाही.

१३ नोव्हेंबर
चिंचेखाली धोडी सर उभे. काल फोनवर गाडीचं सांगितलं होतं, म्हणून एका हातात काठी नि डबा, दुसऱ्यात नारळ. नऊ वर्षं त्यांना या फाट्यावरून घेतो. पांढरीत पुढची सीट त्यांचीच. उजवा पाय लहानपणापासून अधू, कमरेखाली काहीतरी लागतं, म्हणून बायकोने शिवलेली गोधडीची घडी त्या सीटवर कायमची.
पुढच्या चाकाशी त्यांनीच नारळ फोडला, पाणी बॉनेटला लावलं, खोबरं मला दिलं. मग डावं दार ओढलं. नाही. मी ओढलं. नाही. पाच-सहा वेळा.
"उडी मारून बसायची गाडी दिसते ही," म्हणाले आणि हसले. मीही हसलो. तेवढ्यात मागून शेअर जीप आली. "तुम्ही व्हा पुढे, पहिला तास तुमचा आहे."
तलासरीच्या शाळेपर्यंत एकटा. बरं वाटलं. लिहायला बसलोच आहे तर खरं लिहितो: खूप बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर
डहाणूच्या गॅरेजवाल्याने दहा मिनिटांत दार सोडवलं. तेल आणि एक स्क्रू. आता एका बोटाने उघडतं. हेमाला स्टेशनपर्यंत चक्कर मारून आणली. पदर सांभाळत बसली होती, पण परतताना म्हणाली, "वाईट नाही." उद्या धो. सरांना सांगायचं.

१६ नोव्हेंबर
नाही सांगितलं. चिंचेपाशी हळू केली, पण त्यांनीच लांबून हात केला, पुढे जा म्हणून. जीप येतच होती. गेलो.
खोटं बोललो नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

२१ नोव्हेंबर
विचारलं. स्टाफरूममध्ये, सगळ्यांसमोर. "दाराचं काय झालं, राऊत सर?"
"पार्ट मिळत नाही हो. जुनी गाडी. मुंबईहून मागवावा लागेल."
जीभ अडखळलीसुद्धा नाही. तीस वर्षं पोरांच्या थापा पकडतोय, 'वही घरी राहिली' म्हणणाऱ्याला बाकावर उभा करतोय. मला कोण उभं करणार?
शाळेत गाडी आता कंपाउंडच्या भिंतीला खेटून लावतो, डावी बाजू भिंतीकडे. कोणी ओढून बघायला नको. नरपडला दार उघडतं, तलासरीत अडकतं.

२५ नोव्हेंबर, शनि.
का केलं, ते तरी नीट लिहावं.
धो. सरांचा त्रास काही नाही. बोलतात बेताचं. नववी ब, त्यांच्या बायकोचे गुडघे, यंदा भात कसं. नऊ वर्षांत सगळं ऐकून झालंय. त्यांनीही माझं सगळं ऐकलं असणार, पण ते तरी ऐकतात. उन्हाळ्यात ताडगोळे आणतात, सोलून, केळीच्या पानात. वडिलांच्या आजारपणात मी महिनाभर दवाखान्यात होतो तेव्हा माझे तास त्यांनी घेतले आणि कोणाला कळूसुद्धा दिलं नाही.
पण त्या गाडीत चाळीस मिनिटं मी कोणीच नसतो. राऊत सर नाही, वाडीवाला नाही, हेमाचा नवरा नाही. शेजारी धो. सर बसले की मी पुन्हा राऊत सर. कारण एवढंच. एवढ्यासाठी अधू पायाच्या माणसाला जीपच्या फळीवर
(हे वाक्य पुरं करत नाही.)

४ डिसेंबर, सोम.
दुपारपासून अवकाळी. टप लावायला गेलो तर मागच्या बाजूचा हूक बसेना. अर्धा उघडाच घेऊन निघालो, मांडीवर शाळेचा नकाशा पांघरून. सगळा हिंदी महासागर ओला.
स्टँडपाशी धो. सर. जीप भरून गेलेली, दुसरी आली नव्हती. छत्री धरायला हात नाही, एकात काठी, एकात डबा. मी थांबलो. थांबलो तरी. ते लंगडत आले, गाडीवर वाकले आणि आत किती पाणी आलंय ते पाहिलं. "अहो, थांबताय काय? दार उघडत नाही तुमचं, उगाच भिजाल. जा, जा."
त्या वेळी म्हणायचं होतं. हात लांब करायचा, दार उघडायचं, बस्स. माझा हात गिअरवर होता. तो गिअरवरच राहिला.
आरशात बघितलं नाही.

५ डिसेंबर
पावसामुळे शाळेला सुट्टी. वाडीत चिकूचा सडा पडलाय, वेचायलाही बाहेर पडलो नाही. हेमाला वाटलं मला कसकस आहे. आल्याचा चहा दिला. तो प्यायचीसुद्धा लाज वाटली.

६ डिसेंबर
धो. सर आले नाहीत. ताप. नववी ब वर मी गेलो. "सर कधी येणार?" एकीने विचारलं. मला काय माहीत, म्हणून खेकसलो तिच्यावर. तिची काही चूक नव्हती.

११ डिसेंबर
आले. उतरलेले दिसतात. "जीपला मागे पडदा नव्हता ना," म्हणाले, जसं काही सगळी चूक पडद्याची.

१९ डिसेंबर
शाळा सुटल्यावर गाडी भिंतीपासून काढतोय तोच पी.टी.चे चुरी सर आले आणि डाव्या दारावरून टांग टाकून सरळ आत. "मला डहाणू स्टेशनला सोडा, राव." नाही कसं म्हणणार? स्टँडवरून गेलो. धो. सर उभे होते. त्यांनी काठी वर करून सलाम ठोकला, गमतीने.
चुरी: "धोडी सरांना हल्ली नाही नेत का?"
मी: "त्यांना उडी जमत नाही ना."
हे मी बोललो. माझ्या तोंडाने. चुरी हसले.
बाहेरून काय दिसलं असेल? वाडीवाल्याची गाडी, शेजारी वाडीवालाच, आणि आदिवासी पाड्यावरचा माणूस रस्त्यावर. तसं काही नव्हतं, असं लिहायला घेतलं. खात्रीने लिहवेना. चुरींच्या जागी धो. सर असते आणि धो. सरांच्या जागी चुरी, तर हे दार महिनाभर अडकलं असतं का?

१ जानेवारी २०१८
ठरवलं: 'पार्ट आला' म्हणायचं. एक शेवटची थाप, आणि मिटलं. घरी आरशासमोर म्हणूनही पाहिलं. हेमाने विचारलं कोणाशी बोलताय.

८ जानेवारी
मधल्या सुट्टीत गाठलं. "सर, तो दाराचा पार्ट..."
पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. "त्याची काळजी सोडा. लहानूशी बोललोय मी, माझा मेहुणा. अच्छाडला ट्रकची पत्र्याची कामं करतो. म्हणाला, जुनं दार काय, हातासरशी सोडवतो."
"नको, नको, कशाला त्याला त्रास!"
"त्रास कसला? नऊ वर्षं बसलो तुमच्या गाडीत. कधी काही घेतलंत का?"
मी पुन्हा नको म्हणालो. त्यांना ती माझी भीड वाटली. आपल्याकडे दोनदा नको म्हटलं की ते हो असतं.

१४ जानेवारी, रविवार, संक्रांत
आजच लिहायचं.
सकाळी दहाच्या सुमारास मी वाडीत मोटर बघत होतो. परत आलो तर अंगणात मोटरसायकल. धो. सर ओट्यावर, मांडीवर तिळगुळाची वाटी. लाल गाडीपाशी लहानू, चाळिशीचा, हाताला ग्रीस. त्याची हत्यारांची पिशवी जमिनीवर, तोंड बांधलेलीच. शेजारी हेमा. डावं दार सताड उघडं.
मला बघून लहानू म्हणाला, "सर, दार तं चांगलाच हाय..."
"झालं बघा," धो. सर मधेच म्हणाले, मोठ्याने. "लहानूने हात लावला आणि मोकळं झालं. हाताला गुण आहे त्याच्या."
लहानूने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खाली. मी म्हणालो, "वा." त्याला चहा विचारला, नको म्हणाला. धो. सरांनी सावकाश उठून माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोला वगैरे म्हणाले नाहीत. दरवर्षी म्हणतात.
ते गेल्यावर हेमा: "सर असं का म्हणाले? 'दार उघडत नाही ना, ते करायला आलोय' म्हणाले, तर मी म्हटलं, उघडतं की, परवाच मी दोन खोके ठेवले तिथून. लहानूने ओढलं, उघडलंच. आणि मग तुम्ही आल्यावर हे."
सांगितलं तिला. सगळं. पावसाचं पण.
तिने वाटी उचलली. "नऊ वर्षं, अहो," म्हणाली. जेवायला वाढलं, पण समोर बसली नाही.

१५ जानेवारी
मला वाटलं होतं आज स्टाफरूममध्ये तोंड दाखवायची सोय नाही. उलटंच. धो. सरांनी सगळ्यांना सांगितलं: राऊत सरांचं दार लहानूने नीट केलं, पार्टबिर्ट काही लागलं नाही. चुरींनी टाळ्या वाजवल्या. "मग धोडी सर, आता तुमची सीट पक्की!"
"बघू की," धो. सर म्हणाले आणि वह्या तपासायला घेतल्या.
चारचौघांत वाभाडे काढले असते तर सोसलं असतं. त्यांनी मला झाकलं. हे सोसत नाही.

१९ जानेवारी
रोज थांबतो. मंगळ, बुध, गुरू, आज. चिंचेखाली गाडी उभी करतो, उतरतो, दार उघडून धरतो. रोज तेच, हसून: "जीपवाल्याने पुढची सीट राखून ठेवलीय माझी. त्याला आता नाही म्हणवत नाही." खरंच राखून ठेवतो तो. धो. सर येताना दिसले की पुढे बसलेल्याला मागे पाठवतो. त्याला कोणी सांगितलेलं नाही.

२२ जानेवारी
प्रार्थनेनंतर व्हरांड्यात अडवलं. "सर, ते दार पहिल्याच आठवड्यात..."
"राऊत सर, घंटा झाली."
घंटा झाली होती, हे खरं. पण पूर्वी घंटा झाल्यावरही पायरीवर उभं राहून गप्पा मारायचो.
लाल विकून टाकतो, असं हेमाला म्हणालो. ती रोपांना पाणी घालत होती. "विका. म्हणजे तुम्हाला बरं वाटेल." वर बघितलंसुद्धा नाही. मी काय म्हणतोय ते तिला बरोबर कळतं.

२८ जानेवारी, रवि.
पांढरीतून गोधडीची घडी काढली. नर्सरीच्या मातीने मळलेली. स्वतः धुतली, ओट्यावर वाळत घातली. हेमाने पाहिलं. संध्याकाळी घडी घालून लालच्या डाव्या सीटवर ठेवलेली दिसली. मी ठेवली नव्हती.

२९ जानेवारी, सोमवार
चिंच. थांबलो, उतरलो, दार उघडलं. धो. सरांची नजर सीटवर गेली. गोधडी पाहिली. बराच वेळ पाहिली. मी म्हणालो, "सर, चुकलो मी." या वेळी घंटा नव्हती.
जीप येऊन मागे थांबली. जीपवाल्याने हॉर्न नाही दिला.
धो. सर एक पाऊल पुढे आले. वाकले. हातातला डबा गोधडीवर ठेवला, कलंडू नये म्हणून कडेने कापड दाबलं. "आज वालाचं बिरडं आहे. जीपमध्ये सांडतं," म्हणाले. "तुम्ही घेऊन या."
मग दार त्यांनीच लावलं. हळूच. "नीट लागतं की," म्हणाले, आणि काठी टेकत जीपकडे गेले.
डब्याला पट्टा लावला. जीपच्या मागे मागे चालवली, खड्डे चुकवत, तलासरीपर्यंत. पुढच्या सीटवरच्या त्यांच्या डोक्याकडे बघत. एकदाही मागे वळले नाहीत.
मधल्या सुट्टीत डबा नेऊन दिला. त्यांनी उघडला. सांडलं नव्हतं.