गंजातली वीण

१७ ऑक्टोबर
आज तो हातात आला! कोरियातल्या जुन्या कोर्यो राजवटीच्या काळातला काशाचा आरसा, तळहाताएवढा. रस्ता रुंद करताना अर्धी कबर कापली गेली. उरलेल्या अर्ध्यात हा आरसा आणि थोडे दात. आरशाच्या पाठीवर दोन मासे. चेहरा पाहायची बाजू हिरव्या गंजाने भरलेली – आणि त्या गंजात कापडाची वीण! गुंडाळलेलं कापड केव्हाच कुजलं, वीण मात्र उमटून राहिली. आठशे वर्षं!

१८ ऑक्टोबर
भिंगाखाली पाहिलं. कापड जाडंभरडं, एका कोपऱ्यात रफू केलेलं. अंगठा येतो तिथे माशाची शेपटी झिजून गुळगुळीत. वर्षानुवर्षं तिथेच धरत असणार त्याची मालकीण. राणीबिणी नव्हे, साधी घरातली बाई. पण जपणूक किती!

२० ऑक्टोबर
आमच्या संग्रहालयाच्या संचालिका प्यो बाई म्हणाल्या, "घासून लख्ख कर. लोक आरसा बघायला येतात, गंज नाही."
"मग ती बाई पुसली जाईल."
"कुठली बाई? पुरावा आण."
दात तपासायला पाठवते म्हटलं. "बरं, अहवालापर्यंत थांबते. त्यात तुझी बाई निघाली नाही, तर ब्रश मी हातात घेईन."

२ नोव्हेंबर
दानयांगला, घरी. लसणाची लावणी. आई म्हणाली, "घरातली पहिली पदवीधर, आणि गंज पुसतेस?"
"पुसत नाही गं, पुसू नये म्हणून भांडतेय!"
रफूचं सांगितलं. आई वाफ्यातच थांबली. "आरशाच्या फडक्यालाही रफू? बाई टापटिपीची हो!"
बाबा हसले, "नाहीतर तू. बटणसुद्धा आई लावून देते."

८ नोव्हेंबर
दालनातल्या पाटीचा मजकूर लिहून झाला – "ही तिची कबर. हा तिचा रोजचा आरसा." मनासारखा उतरलाय! अहवाल तेवढा येऊ दे.

१४ नोव्हेंबर
अहवाल आला. दुधाचे दात. पाच-सहा वर्षांचं मूल.
प्यो बाईंनी अहवाल वाचून खाली ठेवला. मग म्हणाल्या, "राहू दे ते कापड."
पाटीचा कागद फाडला. ती बाई त्या कबरीत नव्हतीच. आरसा नीट गुंडाळून लेकराजवळ ठेवला, आणि ती घरी परत गेली.