चादरीमागचा अॅम्प्लिफायर

पांढुर्णा, ५ नोव्हेंबर २०२४

चि. प्रफुल्ल यास अर्चनाताईचा स. जयभीम व अ. आशीर्वाद. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहून राहिली, कारण फोनवर बोललं की तुझे भाऊजी कान लावून बसतात. रिटायर झाल्यापासून त्यांना गाण्यांचं वेड. आता घरात दोन काळे डबे आलेत. प्रीअॅम्प वेगळा, पॉवर अॅम्प वेगळा. एक आवाज सावरतो, दुसरा ताकद देतो म्हणे. दुसरा इतका तापतो की मांजर त्याच्यावरून उठत नाही.

तू तुझ्या इंटिग्रेटेडची, म्हणजे सगळं एकाच डब्यात असलेल्या अॅम्प्लिफायरची तारीफ केलीस, आणि हे म्हणाले तो पानठेल्यावर शोभेल. चूक यांचीच. पण त्यावरून दामिनीच्या साक्षगंधाला येत नाही म्हणतोस? १ डिसेंबरला मुलाकडचे पाहुणे मुलीचा मामा विचारतील, तर मी काय मांजर दाखवू? पोरगी दोन दिवसांपासून रडून राहिली.

बहिणीवरचा लोभ आटू देऊ नको.

तुझी ताई

सौंसर, ९ नोव्हेंबर

ती. ताईस प्रफुल्लचा स. जयभीम.

दामिनी रडते हे वाचून संत्र्याला पाणी देणं तसंच सोडलं. पण ताई, पानठेल्याचं ते बोलणं माझ्या स्पीकरफोनवर झालं, मोनाली शेजारी बसून असताना. बायको अजून हसून राहिली.

एक तोड सुचते. १७ तारखेच्या रविवारी माझा अॅम्प्लिफायर घेऊन येतो. दोघांचे डबे चादरीमागे ठेवू, स्पीकर तेच. तू वायरी कधी भाऊजींच्या डब्यांना, कधी माझ्या डब्याला लावून एकच भीमगीत तीनदा वाजव. आम्ही ओळखू. भाऊजी चुकले तर त्यांनी शब्द परत घ्यावा. मी चुकलो तर मुकाट्यानं साक्षगंधाला येईन.

मला शुगर निघाली आहे. चहा फिका ठेव, आणि हे भाऊजींना सांगू नको.

माया असू दे.

तुझा प्रफुल्ल

पांढुर्णा, १८ नोव्हेंबर

चि. प्रफुल्ल यास स. जयभीम व अ. आशीर्वाद.

काल जेवण न करता निघून गेलास. हेही ताटावर बसले नाहीत. पहिल्यांदा गाणं लागलं तर हे म्हणाले, ढोलकी अंगणात आली, म्हणजे आपलेच डबे. तू म्हणालास, गळा स्वच्छ आहे, म्हणजे तुझाच. दुसऱ्यांदा दोघांनीही उलटं सांगितलं. तिसऱ्यांदा गाण्यापेक्षा तुमचाच आवाज मोठा. म्हणून मी निकाल सांगितला नाही.

आता खरं सांगते. मला वायरी बदलता आल्याच नाहीत. तुम्हाला विचारलं असतं तर पैज मोडली असती. तिन्ही वेळा तुझाच अॅम्प्लिफायर वाजला.

आज सकाळी यांना सांगितलं. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाले, पानठेल्याचा शब्द परत घेतला, प्रफुल्ल आल्याशिवाय पाहुण्यांना चहासुद्धा देणार नाही.

आता तरी ये. वाट पाहते.

तुझी ताई

सौंसर, २२ नोव्हेंबर

ती. ताईस व भाऊजींस प्रफुल्लचा स. जयभीम.

तुझं पत्र मोनालीनं दोनदा मोठ्यानं वाचलं, दुसऱ्यांदा शेजारणीला बोलावून. आम्ही ३० तारखेलाच येऊन राहिलो. पाहुण्यांसाठी संत्री आणतो. दामिनीला म्हणावं, मामा हजर आहे.

पण ताई, नीट आठवून सांग. तू वायरीला हातच लावला नाहीस काय? दुसऱ्यांदा आवाज नक्की बदलला होता, ढोलकी मोकळी वाजत होती. भाऊजींना विचार. त्यांनाही तसंच वाटलं असेल, तर आम्ही दोघं बरोबर आहोत आणि तूच कुठंतरी चुकलीस.

राग मानू नको, लोभ आहे तसाच राहू दे.

तुझा प्रफुल्ल