पोट्टेधऱ्याचा बिल्ला

९ जानेवारी १९६१, सोमवार. अकोला

आज मजा. पडद्यामागून सायबाचा आवाज काढला, "कोण आहे रे तिकडे? हजर व्हा!" शेंडे कारकून चहाची बशी तोंडाले लावून बसला होता. चहा धोतरावर, अन् हा पडद्याले हात जोडून उभा. आमच्यातलीच हजेरीवाली सरूबाई हसून हसून भिंतीले टेकली.

तायडेभाऊनं कान पियला. "सातवी नापास हायेस पंज्या, पन डोकं हाये तुले. उलीसक कामाले बी लाव."

भाऊ म्हंजे आमच्या हजेरीवाल्याईच्या संघाचे अकोल्याचे प्रतिनिधी. पुढं ता.भा. लिहितो. बोटं दुखतेत.

मंग ता.भा. सायबाकडं गेले. तेच, बिल्ल्याचं. आमी लोकाईच्या दारात जाऊन शाळा बुडवनारे पोट्टे धरून आनतो, घरात काय अडलं ते पाह्यतो, माय-बापाचं डोकं खातो. अंगावर ना खाकी ना बिल्ला. आमाले कोन समजाव लोकाईनं? सायब म्हने, "तुम्ही हंगामी. बिल्ला कायम नोकरांना." ता.भा. म्हने, "सायब, तुमच्या कुत्र्याच्या गयात नगरपालिकेचा बिल्ला हाये. त्याले कायम कवा केलं?"

आमी सारे दाराले कान लावून. शेंडेनं बी हसू गियलं.

१४ जाने., संक्रांत

सुट्टी. ता.भा.ले कुठची सुट्टी. तीयगूयाच्या निमतानं जुन्या शहरात घरोघर, मले संगं ओढलं. तीयगूय हातावर ठेवाचा अन् लगेच, "पोट्टी काहून नाही आली परवा?" लोक तीयगूय खाऊन फसतेत.

किसन वांगेवाला दुरूनच वरडला, रोजच्यासारखा, "पोट्टेधऱ्या आला रे आला! पोट्टे झाका!"

ता.भा.नं छत्री उगारली. "झाक! तुले बी नेऊन बसवतो चवथीत, तुया सुद्याच्या मांडीले मांडी लावून!"

सुद्या किसनचा. हुशार, पन बापाले वांगे तोडाले लागते, म्हनून दर दोन-चार दिसाले गायब. ता.भा. त्याच्या मागं हात धुऊन लागले.

पोट्टेधरे ही शिवीच होती. पहिले गल्लीतल्या बाया आमाले पाहून दार लावत अन् हेच म्हनत. मले झोंबे. ता.भा.नं ती शिवी उचलून डोक्यावर बांधली. संघाच्या सभेत उभे राह्यले का "बंधू-भगिनींनो" नाही, "पोट्टेधरे हो!" अमरावतीचे ढोकेदादा, सगळ्यात जुने, पहिल्यांदा चिडले. आता चिट्ठीत बी तेच लिहितेत.

२० जाने.

गोष्ट बिघडली. नदीवर पुलाचे खांब उभारून राहिले ना, त कोनी उठवलं का खांब उभा राहाले पायात पोट्टं गाडा लागते. म्हने ठेकेदाराचे मानसं पोट्टे धरून नेतेत.

काल सरूबाईले नदीकाठच्या गल्लीत बायाईनं घेरलं. झिंज्या धरून फरफटलं. कपायावर खोक पडली. ती म्हने, "म्या वरडली, शायेची बाई हावो मी! एक म्हने, दाखव शाया तुयी."

ता.भा. सायबाकडं. आमी दारात. "बिल्ला द्या, नाही त मानूस मरीन." सायब म्हने, "अफवेला आपण किंमत देत नसतो, तायडे." ता.भा.नं दौत उचलून भिंतीवर हानली. सायबाच्या शर्टावर निये शिंतोडे. "ह्याले बी किंमत देऊ नका."

बाहीर येऊन म्हने, एकट्यानं कोनी फिराचं नाही. सरूबाईची गल्ली मी घेतो. ढोकेदादाले तार केली. मी म्हनलं, भाऊ, गल्ली राहू द्या ना काई दिवस. म्हने, "राहू देली का पोट्टे सुटले. मंग वापस येत नाहीत बे."

२६ जाने.

उजवा हात मोडला, फयकुटीत बांधलेला. डाव्यानं लिहून राहिलो. बाहीर झेंडा, पोट्टे गानं म्हनून राहिले.

काल बाजार. ता.भा. अन् मी. सुद्या नदीच्या उतारावर गोट्या खेयत होता. ता.भा.नं मनगट धरलं. पोट्ट्याचं रोजचं नाटक, "मेलो वं माय, नेलं वं माय!" मी बी हसलो. मागं ते खांब.

किसन तागडी घेऊन वांग्याच्या ढिगामागं. तो बी रोजच्यासारखा, दात काढून, "पोट्टेधऱ्या आला रे आला! पोट्टे झाका!"

हसला तो एकटाच. बाकी बाजार उठला.

खेड्यावरून आलेले लोक. त्याईले काय मालूम आमची मस्करी. एकानं ता.भा.ची कॉलर धरली. "सरकारी मानूस म्हनतं? बिल्ला दाखव! दाखव बिल्ला!" ता.भा.नं खिशात हात घातला, तंबाखूची डबी काढाले, त्याईची सवय, कोनी तापलं का पहिले तंबाखू पुढं करत. "चाकू काढते!" पहिला गोटा तोंडावर. दात पडलेले पाह्यले म्या.

मी सायबाचा आवाज काढला. "थांबा! हटा सगळे!" बाजारात कोन आयकते. छातीत लाथ बसली.

लोक किसनकडं वयले. "तुयंच ना पोट्टं? तूच वरडला ना? मंग बसून काय पाह्यतं? इकलं का तू त्याले?" एकानं त्याचीच मान धरली. किसनच्या हातात तागडी होती. पारडे तुटून पडले, नुसती दांडी राह्यली. त्यानं मारली. एकदाच. ता.भा.च्या कानाच्या वर.

तो आवाज.

मंग लाठ्या. मी ता.भा.च्या अंगावर आडवा पडलो त हात गेला. कोनी तरी अंगावर बैल घाला म्हने. नाकात माती अन् रक्त, कोनाचं ते मालूम नाही. पोलीस आले तवा सुद्या ता.भा.ची छत्री धरून उभा. उघडलेली.

दांडी म्याच पाह्यली. बाकी सगळ्याईले लाठ्याच दिसल्या.

२७ जाने.

दवाखान्यात. ता.भा.चं डोकं भोपयाएवढं. डोये बंद. मले वासावरून ओयखलं. म्हने, "आंघोय कर बे."

मंग, "तागडीची दांडी होती का?"

म्या त्याईची चादर नीट केली.

"किसन?"

"दिसलं नाही मले, भाऊ."

"आंधयाच्या पुढं आंधया बनू नको." त्याईनं मायी फयकुटी चाचपली. "उठलो का मीच पाह्यतो त्याच्याकडं." मंग, "सुद्याचं नाव पटावरून जाऊ देऊ नको."

पाह्यतो म्हंजे झोडपतो का समजून घेतो, इचाराचं राह्यलं.

२८ जाने.

गेले. दुपारी.

ढोकेदादा अमरावतीहून पोचले त झाकलेलंच पाह्यलं. भिंतीवर डोकं आपटलं त्याईनं.

३ फेब्रुवारी

किसनच्या वावरात गेलो. वांग्याच्या वाफ्यात वाकला होता. म्या मागून लाथ घातली. डाव्या हातानं मारलं, गुडघ्यानं मारलं, तोंड मातीत दाबलं. त्यानं हात उचलला नाही. त्याच्यानं अजून चीड आली. वांग्याचे काटे त्याच्या गालात घुसले, मी अजून दाबलं.

"काहून मारलं बे? तुया दोस्त होता तो!"

तोंडातली माती थुकून म्हने, "मले बी मारून राहिले होते."

"मंग मराचं होतं!"

"व्हय," म्हने. "मराचं होतं."

मागून सुद्या आला अन् मनगटाले चावला. सुटेच ना. रक्त आलं तवा सोडलं. म्हने, "तूच पोट्टेधऱ्या! तुमीच सगळे!"

येताना मोर्ना नदीत हात धुतले. 

१२ फेब्रु., रविवार. अमरावती

शोकसभा, शाळेच्या हॉलात. अकोला, अमरावती, चांदूर बाजार, पार धारनीचे बी आले. सायब अध्यक्ष. म्हने, "कै. तायडे हे अत्यंत मृदुभाषी होते." मी फसकन हसलो. ढोकेदादानं माया मांडीले चिमटा घेतला, निरा रक्त काढलं.

मंग सायबानं थैली उघडली. पितयी बिल्ले. ता.भा. गेले अन् बिल्ले आले. एकेकाले बोलावून लावले. माया छातीवर लावला तवा सायबाच्या बोटाले सेंटाचा वास.

दोन मिनिटं उभे राहून शांतता. सगळ्याईचे डोये मिटलेले. म्या बिल्ला काढला, टाचनी वर करून अध्यक्षाच्या खुर्चीवर ठेवला.

सायब बसले. "आई गं! मेलो वं माय!" पुन्याची भाषा एका टाचनीत वऱ्हाडात उतरली.

सरूबाई हसाले लागली. कपायावर ती खोक, अन् हसून राहिली, हसता हसता हंबरडा. ढोकेदादानं माया कानफटात दिली, अशी का कान अजून वाजते. मंग म्हने, "तायडेनं बी हेच केलं असतं."

सायब गेले. खुर्चीवरचा बिल्ला म्या उचलला. मंग खरी सभा.

धारनीचा म्हने, "माझी बदली जंगलात केली तवा तायडे बांबूच्या ट्रकवर बसून आले. रस्ताभर ओकले. हापिसात उभे राहून म्हने, ह्याच्या पोट्टीले इथं शाळा दाखवा, नाही त ह्याले वापस द्या. बदली रद्द होईपर्यंत तिथंच झोपले, माझ्याच घोंगडीत. घोरत बी होते."

चांदूर बाजारची बाई म्हने, "मी बायंतपनानं अडली होती, हजर नाही म्हनून काढत होते. भाऊ सायबाच्या दारात आडवे पडले. म्हने, वलांडून जा."

सरूबाई शेवटी उठली. एवढंच, "माया गल्लीत गेले ते." मंग मायाकडं पाहून, "पंज्या, तू वर होतास त्याईच्या. सगळ्यात जवळ तूच. अजून कोन होतं?"

ढोकेदादा बी, "एक बी सुटला नाही पायजे. नावं सांग."

मी म्हनलं, "लाठ्या होत्या."

"अन् दांडी कोनाची? डाक्टर म्हनते लोखंडाची निशानी हाये."

बिल्ल्याची टाचनी बोटात टोचत बसलो.

२२ फेब्रु. अकोला

फौजदारानं बोलावलं. धरलेले ओयखले, लाठीवाले. छातीवर लाथ घालनारा बी. त्याले पाहून मले हात उचलावा वाटला, शिपायानं धरला. फौजदार म्हने, "आनखी कोन?" म्या म्हनलं, हात दुखते, आठवून सांगतो. म्हने, "दोन तारखेले ये. मंग कागद वर जाते."

सरूबाईले सांगितलं, सगळं. पहिल्यांदा कोनाले तरी. तिनं पदर तोंडात कोंबला. पदर काढून, "किसनले फाशी व्हाले पायजे." मंग, "तो आत गेला का सुद्या वांगे इकीन. जनमभर." मंग, "तरी व्हाले पायजे."

ता.भा. असते त इचारलं असतं. बस, तेच नाहीत.

१ मार्च

सक्काऊन बिल्ला लावून किसनच्या दारात. एकटा. सरूबाई म्हनत होती मी येतो, म्या नाही म्हनलं. किसननं मले पाह्यलं अन् भाकर तशीच ठेवून उठला. गालावर काट्याचे डाग. म्हने, "उद्या जातं ना तू ठान्यात?"

"हो."

"सांगशीन?"

"सुद्या कुठी हाये?"

सुद्या दारामागून निंगाला. हातात गोटा, मुठीत मावेल एवढा. म्या मनगट धरलं नाही. नुसता चालाले लागलो. मागं पाय वाजले. मी थांबलो का थांबे. बाजारातून गेलो, त्याच जागेवरून. वांग्याच्या ढिगामागं दुसराच कोनी बसला होता. तो बिल्ल्याकडं पाहून काईच बोलला नाही.

मले वाटे आता बसला डोक्यात, आता बसला. मान आकसून चाललो. वयून पाह्यलं नाही.

शाळेच्या फाटकाशी पाय थांबले. घंटा झाली. म्या वयून पाह्यलं.

सुद्या उंबऱ्यावर. आत नाही, बाहीर नाही. गोटा हातातच. म्हने, "उद्या ठान्यात काय सांगितलं ते पहिले मले सांग. मंग मी ठरवतो."