चादरीचं दुसरं टोक

६ फेब्रुवारी

...आणि चादर पिळायची वेळ झाली की ह्यांना हाक. एक टोक माझ्याकडे, दुसरं ह्यांच्याकडे. मी पीळ द्यायचे, हे मुद्दाम सोडवायचे! चादर तशीच ठिबकत राहायची.

"अहो, धरा नीट!"

"धरलंय की. लग्नापासून तेच करतोय."

लेक दारात उभी राहून खिदळायची. पुढं हेच सगळं तिनं स्टेजवर नेलं. हातात माइक, समोर अनोळखी माणसं आणि विषय काय — तर आपले बाबा! हे स्वतः पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

हे गेले आणि तिनं ते कार्यक्रमच बंद केले. "ज्याच्यावर हसायचं तोच नाही, आई." आता सिनेमात काम मिळालंय. पहिलंच. विधवेचं. मला सांगताना चाचरली.

९ फेब्रुवारी

रडवेली होऊन आली. मोरीत कपडे धुता धुता बोलायचंय, तर कॅमेऱ्यासमोर प्रत्येक वाक्यानंतर थांबते म्हणे. हशा ओसरेपर्यंत थांबायची इतक्या वर्षांची सवय, ती जाते कुठं! दिग्दर्शक खेकसला, "बाई, कोणाची वाट बघताय? इथं कोणी हसणार नाहीये." सोमवारी शेवटची संधी. नाही जमलं तर दुसरी नटी.

मला म्हणून दाखवलं. खरंच थांबते.

"आई, बाबांनंतर तू कसं निभावलंस गं?"

म्हटलं, "कपडे भिजलेत. धुऊन येते."

१० फेब्रुवारी

सकाळी मोरीच्या दारात येऊन उभी राहिली. मी चादरीचं एक टोक नळाला गुंडाळून दुसरं पिळत होते. एकटीला असंच जमतं.

"हे कधीपासून?"

"तेव्हापासूनच. नळ बरा. चेष्टा तरी करत नाही."

हसली नाही. बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सरक. मला दे."

१२ फेब्रुवारी

सोमवार. मलाही बरोबर नेलं. मोरी खोटी, भिंती फळ्यांच्या, पण नळाला पाणी खरं!

तिनं चादर नळाला गुंडाळली. पीळ देत देत बोलत गेली. कुठंच थांबली नाही. मध्येच नळाकडे बघून हलकेच म्हणाली, "धरा नीट." कागदावर नव्हतं ते.

काय पाहिलं मी! ते माझे खांदे होते. माझी मान. अक्षर अक्षर जुळवत एकटी वाचायला शिकले, लायब्ररीतली कपाटं उपसली, दुःखाची वर्णनं कितीदा वाचली — पण माझं दुःख असं समोर उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. केवढं मोठं! एवढं सगळं अंगावर घेऊन मी वावरत होते आणि मला वाटायचं, मी नुसते कपडे धुते.

दिग्दर्शक 'कट' म्हणायचाच विसरला. पाणी तेवढं वाहत राहिलं. शेवटी खाकरून म्हणाला, "बाई, उद्यापासून वेळेवर या."

घरी येताना तिनं माझा हात धरला होता.

१३ फेब्रुवारी

आज संध्याकाळी ती आल्यावर तिला समोर बसवलं आणि बाबांवरचे विनोद म्हणायला लावले. एकही गाळू दिला नाही.