सोमवारची बस

१० मे, पडेगाव

तिकीट बदललं. दिपालीनं शनिवारचं काढलं होतं. त्या दिवशी अमावास्या, मी घर सोडणार नाय म्हटलं. आता एकवीसला निघायचं. पोरगी फोनवर वैतागली — "आई, तेव्हा जर्मनीत जोडून सुट्ट्या येतात. सगळं बंद असतं!"

असू दे बंद. मला तिथं काय बघायचंय? एवढंच, की या अधिक महिन्यात यांनी आपल्या हातानं जावयाला धोंड्याचं वाण द्यावं. चार वर्षांपूर्वी पोरीनं स्वतःच्या मर्जीनं पाटलाचा मुलगा केला. तेव्हापासून हे विश्वजीतशी एक शब्द बोलले नाहीत. "मी पोरीला भेटायला येतोय, तुझ्या जावयाला नाय" — आजही तेच.

१९ मे

तेहेतीस अनारसे झाले. तुपात एकही हसला नाय, फुटून विरला नाय.

२३ मे, जर्मनी

काल पोचलो. इथं रात्री नऊ वाजता ऊन असतं. जागी आहे का झोपेत, समजत नाय. खिडकीतून नुसतं हिरवं दिसतं, लांबून घंटा ऐकू येते.

जेवताना हे मला म्हणाले, "मीठ द्या म्हणावं त्यांना." विश्वजीत यांच्या शेजारीच बसला होता!

२४ मे

रविवार. दुकानं बंद, रस्त्यात चिटपाखरू नाय. उद्याही त्यांचा सण — पेंटेकॉस्ट का काय. पोरीला दाखवायचं होतं ते सगळं कुलपात. गाड्याही कमी. माझ्या अमावास्येनं घोटाळा केला. लई वाईट वाटलं.

विश्वजीत म्हणाला, "मामी, उद्या डोंगरावर जाऊ. तिकडं मेंढरं असतात." यांनी पस्तीस वर्षं मेंढरं राखलेली. मान वर केली.

२५ मे

दिपालीला दवाखान्यात ड्युटी. आम्ही तिघंच. आगगाडीनं शेवटच्या स्टेशनात उतरलो, तर पुढची बस नाय! सुट्टीचा दिवस. परतीची गाडी चार तासांनी. "पाटी वाचायची राहिली," विश्वजीत डोक्याला हात लावून म्हणाला.

थांब्यामागं कुरण होतं. मी गवतात आडवी झाले. मेंढरांच्या गळ्यातल्या घुंगरांनी डोळा लागला. वाटलं, दौलताबादच्या रस्त्याला आपलाच कळप चाललाय, मी लहान आहे, आणि पुढं कोणी तरी बोलतंय —

"ते लंगडतंय. खुरात काटा असंल."

यांचा आवाज. मला वाटलं, माझ्याशीच बोलतात.

"कोणतं, मामा?"

"ते काय, काळ्या तोंडाचं. दिसत नाय का तुम्हाला?"

मी डोळे उघडलेच नाहीत. उघडले तर हे गप्प बसतील, अशी भीती. मग पाचोडचा बाजार निघाला, लांडग्यानं नेलेलं कोकरू निघालं, कोणत्या साली चारा नव्हता तेही निघालं. मला इतक्या वर्षांत न सांगितलेलं त्याला सांगत होते. गाडी आली तेव्हा मलाच उठावंसं वाटेना.

२७ मे

वाण दिलं. ताट यांनीच धरलं. "घ्या, जावईबापू." अनारसे जरा मऊ पडले होते. दिपाली मोरीत जाऊन रडली, मी तिथंच रडले.

३० मे, विमानतळ

हे बॅगा वजनाला लावत होते. विश्वजीत माझ्याजवळ आला, हळूच म्हणाला, "मामी, तारखा बदलल्या म्हणून मनाला लावून घेऊ नका. सणाच्या सोमवारी तिकडं बस नसते, मला माहीत होतं."